वाचकांचे प्रश्न : वसाहतीची जलवाहिनी, बंबाचे हायड्रंट आणि खर्चाची वाटणी

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी आहेत. वसाहतीतील पाण्याची मुख्य वाहिनी आणि आगीच्या वेळी लागणारी जलव्यवस्था यांचा खर्च कोणी आणि कोणत्या हिशेबाने उचलायचा, हा तो विषय. म्हणून या अंकात अन्य प्रश्न बाजूला ठेवले आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या विनंतीवरून दिलेली नाहीत.

प्रश्न : नाशिकच्या उपनगरात आमची भूखंडधारकांची नोंदणीकृत सोसायटी आहे. एकूण ४० भूखंड असून ३३ भूखंडांवर बंगले आहेत आणि ७ रिकामे आहेत. महापालिकेची जलवाहिनी आमच्या प्रवेशद्वारापर्यंत येते. आतली लोखंडी वाहिनी गंजली असून शेवटच्या दहा घरांना पाणी जेमतेम पोहोचते. नव्या चार इंची वाहिनीसाठी १४ लाख रुपयांचे, तर सहा इंची वाहिनी आणि रस्त्यावर तीन हायड्रंट (आगीच्या वेळी बंबाला पाणी देणारे नळखांब) यांसाठी १९ लाख रुपयांचे दरपत्रक आले आहे. प्रवेशद्वाराजवळचे सभासद म्हणतात, "आम्हाला पाणी व्यवस्थित येते, पुढच्या वाहिनीचे पैसे आम्ही का द्यावेत?" रिकाम्या भूखंडांचे मालक म्हणतात, "आमच्याकडे नळच नाही." काहींना क्षेत्रफळानुसार वाटणी हवी आहे. न्याय्य मार्ग कोणता?

उत्तर : खर्च वाटण्यापूर्वी तो आपलाच आहे का, हे पाहावे. मंजूर ले-आउटच्या परवानगीतील अटी काढून वाचाव्यात आणि अंतर्गत रस्त्यांची नोंद सातबारावर किंवा मिळकत पत्रिकेवर कोणाच्या नावे आहे ते तपासावे. रस्ते रीतसर महापालिकेकडे हस्तांतरित झालेले असतील, तर त्याखालच्या मुख्य वाहिनीसाठी आपण पाणीपुरवठा विभागाकडे लेखी मागणी करावी आणि तिचा निर्णय लागेपर्यंत सभासदांकडून एक रुपयाही गोळा करू नये. रस्ते अजून सोसायटीच्याच मालकीचे असतील, तर प्रवेशद्वारापासून आतली वाहिनी ही सोसायटीची सामाईक मालमत्ता ठरते आणि तिचा भार सर्व सभासदांवर येतो. पुढचे विवेचन ही दुसरी स्थिती गृहीत धरून केले आहे.

आपल्या सभासदांच्या वादात दोन वेगळे खर्च एकत्र मिसळले गेले आहेत. पहिला खर्च पाण्याच्या वापराचा आहे आणि तो ज्याने जितके वापरले त्याने तितका द्यावा, यावर सहसा दुमत नसते. फ्लॅटच्या सोसायट्यांसाठी असलेल्या आदर्श उपविधींनीही पाण्याचे शुल्क प्रत्येक सदनिकेतील नळजोडांची संख्या आणि आकार यांवर आकारण्यास सांगितले आहे. दुसरा खर्च वाहिनी सज्ज ठेवण्याचा आहे. गरज पडेल त्या क्षणी गरज पडेल तितके पाणी पुरेशा दाबाने मिळावे, यासाठी तो करावा लागतो आणि आपण किती बादल्या वापरल्या याच्याशी त्याचा संबंध फार थोडा असतो. मुंबई महापालिकेच्या कायद्यात जलकर आणि जललाभ कर असे दोन वेगळे कर आहेत, आणि त्यांपैकी जललाभ कर पाणीपुरवठ्याच्या भांडवली कामांसाठी आहे. ज्या शहराने इतक्या वर्षांपूर्वी हा भेद कागदावर मांडला, त्याच राज्यातील वसाहती आजही दोन्ही रकमा एका ओळीत लिहून भांडत बसतात, याचे आश्चर्य वाटते.

आता आकडे पाहू. माणशी दररोज १३५ लिटर हे शहरी पुरवठ्याचे रूढ प्रमाण धरले आणि प्रत्येक घरात पाच माणसे मानली, तर सर्व ४० भूखंडांवर वस्ती झाल्यावर आपल्या वसाहतीची दिवसाची गरज २७,००० लिटर होते. आगीच्या वेळी एका होजमधून, म्हणजे आग विझवण्याच्या लवचीक नळीतून, मिनिटाला ४५० लिटर पाणी गेले, तर एका तासात तेवढेच २७,००० लिटर खर्ची पडतात. म्हणजे संपूर्ण वसाहतीची दिवसभराची गरज एकच होज एका तासात संपवतो. सुमारे ४,५०० लिटरचा बंब या वेगाने दहा मिनिटांत रिकामा होतो. वाहिनीचा व्यास घरगुती वापरापेक्षा मोठा का धरावा लागतो, याचे उत्तर या हिशेबात आहे.

सहा इंची वाहिनी चार इंचीच्या दीडपट रुंद असली, तरी सारख्याच दाबात ती जवळजवळ तिप्पट पाणी वाहून नेते. खोदाई, वाहिनीखालचा थर, रस्त्याची दुरुस्ती आणि मजुरी हा खर्च दोन्हींना साधारण सारखाच येत असल्यामुळे फरक मुख्यतः पाइपाच्या आणि हायड्रंटच्या किमतीत पडतो. केंद्र सरकारच्या १९९९ च्या पाणीपुरवठा नियमपुस्तिकेतही ५० हजारांवरील लोकसंख्येच्या शहरांसाठी वितरणवाहिनीचा किमान व्यास १५० मिलिमीटर, म्हणजे सहा इंच, सुचवलेला आहे. रस्ता एकदाच उकरायचा असेल, तर चार इंची वाहिनी टाकणे ही काटकसर नव्हे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मात्र तीन हायड्रंट लगेच मंजूर करू नयेत. आपण पुरवठ्याची वेळ लिहिलेली नाही. पाणी सकाळ-संध्याकाळ ठरावीक तासच येत असेल, तर उरलेल्या वेळी वाहिनी रिकामी असते आणि रस्त्यावरचा लाल हायड्रंट केवळ शोभेचा उरतो. मुंबईतील जुन्या काळच्या अनेक हायड्रंटची उपयुक्तता अशीच संपली आहे. अशा स्थितीतही सहा इंची वाहिनी उपयोगाचीच ठरते, कारण दोन तासांच्या पुरवठ्यात सर्व घरे एकाच वेळी टाक्या भरतात, दिवसभराची मागणी त्या दोन तासांत एकवटते आणि शेवटच्या घरांचा दाब तेव्हाच पडतो. परंतु हायड्रंटसाठी ठेवलेली रक्कम सामाईक मोकळ्या जागेतील भूमिगत टाकीकडे वळवावी आणि बंबाला त्या टाकीतून पाणी ओढता येईल अशी जोडणी बसवावी. ले-आउटमध्ये जुनी विहीर असेल, तर तिच्या पाण्याची पातळी उन्हाळ्यात मोजून घ्यावी. पाणी जमिनीपासून साधारण सात मीटरहून खोल गेले, की बंबाच्या पंपाला ते वर ओढता येत नाही. टाकीचे आकारमान आणि जोडणीची जागा अग्निशमन दलाच्या अधिकाऱ्यांना प्रत्यक्ष दाखवून ठरवावी. बंब जिथे वळू शकत नाही, अशा कोपऱ्यात बांधलेली टाकी कितीही मोठी असली तरी वाया जाते.

प्रवेशद्वाराजवळच्या सभासदांचे म्हणणे तपासून पाहू. प्रत्येकाने आपल्या फाटकापर्यंतच्याच वाहिनीचे पैसे द्यायचे ठरले, तर पहिला टप्पा ४० जणांत वाटला जाईल आणि शेवटचा टप्पा एकट्या शेवटच्या घराच्या माथी येईल. हा नियम रस्त्यांना लावला, तर शेवटच्या घरासमोरचे डांबर आणि दिवेही त्यानेच करायला हवेत, आणि तसे कोणतीही सोसायटी करत नाही. शिवाय वाहिनीची दोन्ही टोके जोडून तिचे वर्तुळ पूर्ण करता आले, तर एका बाजूला फुटलेली वाहिनी दुरुस्त होत असताना पहिल्या घरांनाही दुसऱ्या बाजूने पाणी मिळते. ठेकेदाराला हा पर्याय विचारावा. दरपत्रकात तो आहे, असे आपल्या पत्रावरून दिसत नाही.

रिकाम्या भूखंडांचे मालक वापराचे पैसे देणे लागत नाहीत, पण सज्जतेचे देणे लागतात. वाहिनी त्यांच्या भूखंडासमोरून जाते, त्यामुळे भूखंडाचे मोल वाढते आणि उद्या बांधकाम करताना जोडणी तयार मिळते. त्यांना वगळले, तर १९ लाखांचा भार ३३ घरांवर पडून प्रत्येकी सुमारे ५७,६०० रुपये येतात. सर्व ४० जणांत वाटल्यास प्रत्येकी ४७,५०० रुपये होतात. क्षेत्रफळानुसार वाटणीची सूचना मोठ्या भूखंडावर एकटे राहणाऱ्या वृद्ध सभासदाला सर्वाधिक दंड करते, आणि भूखंड मोठा असला तरी त्याला लागणारी वाहिनी तीच असते. म्हणून प्रति भूखंड समान वाटणी आम्हाला योग्य वाटते.

या वाटणीला एक पुस्ती मात्र जोडावी. नाशिक-पुण्याकडे आज बंगले पाडून त्या जागी आठ-दहा सदनिकांच्या इमारती उभ्या राहत आहेत. एका भूखंडाचा एक वाटा भरून पुढे दहा नळजोड घेतले गेले, तर बाकीच्यांची फसवणूक होते. त्यामुळे मूळ वाट्यात एका नळजोडाचा समावेश राहील आणि प्रत्येक जादा नळजोडासाठी ठरावीक रक्कम जलवाहिनी निधीत भरावी लागेल, असे ठरावात आताच लिहून ठेवावे. पुनर्विकास सुरू झाल्यावर असा नियम करायला गेलात, तर तो एकाच सभासदाविरुद्ध केल्यासारखा दिसेल.

कायद्याची बाजू थोडक्यात अशी आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ७२ नुसार अंतिम अधिकार सर्वसाधारण सभेकडे असतो, पण ती सभाही नोंदणीकृत उपविधींच्या चौकटीतच निर्णय घेऊ शकते. भूखंडधारकांच्या सोसायट्यांचे उपविधी फ्लॅटच्या सोसायट्यांपेक्षा वेगळे असल्याने आपली स्वतःची प्रत वाचूनच ठराव मांडावा. सभेच्या सूचनेसोबत दोन्ही दरपत्रके, अग्निशमन दलाचे मत आणि प्रत्येकाच्या वाट्याचा तक्ता पाठवावा. ठराव झाल्यावरही कोणी रक्कम थकवली, तर सोसायटीला निबंधकांकडे वसुली दाखल्यासाठी अर्ज करता येतो. तिथपर्यंत जाण्याआधी रिकाम्या भूखंडधारकांना तीन-चार हप्त्यांची सवलत द्यावी, कारण त्यांपैकी अनेकजण बाहेरगावी असतात आणि सभेची नोटीसही त्यांना उशिरा मिळते.

प्रश्न : पुण्यात मिळकतकराच्या बिलात आम्ही दरवर्षी अग्निशमन कर भरतो. मग सोसायटीच्या आतील आगीच्या व्यवस्थेसाठी पुन्हा वेगळे पैसे मागणे म्हणजे एकाच गोष्टीचे दोनदा पैसे घेणे नव्हे का?

उत्तर : तसे म्हणता येणार नाही, परंतु आपली शंका रास्त आहे आणि सभांमध्ये ती वारंवार ऐकू येते. अग्निशमन दल ठेवणे आणि सार्वजनिक उपयोगासाठी पाणीपुरवठ्याची कामे करणे ही महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६३ नुसार महापालिकेची बंधनकारक कर्तव्ये आहेत. आपला कर जवान, बंब, केंद्रे आणि सार्वजनिक व्यवस्था यांसाठी असतो. इमारतीच्या किंवा खासगी वसाहतीच्या आतील यंत्रणा उभी करून ती चालू स्थितीत ठेवण्याची जबाबदारी मात्र महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ ने मालकावर, आणि मालक सापडत नसल्यास भोगवटादारावर टाकली आहे.

शहराच्या नियोजनकर्त्यांनीही आगीसाठी केवळ रस्त्यातील वाहिनीवर भिस्त ठेवलेली नाही. वर उल्लेखिलेल्या नियमपुस्तिकेत ५० हजारांवरील शहरांसाठी आगीच्या पाण्याचे सूत्र दिले आहे. लोकसंख्या हजारांत मांडून तिच्या वर्गमुळाला १०० ने गुणले, की दिवसाला किती हजार लिटर पाणी राखून ठेवायचे ते मिळते. चार लाख वस्तीच्या शहरासाठी हे पाणी २० लाख लिटर होते. त्यापैकी एक तृतीयांश सेवा जलकुंभांत ठेवावे आणि उरलेले शहरात मोक्याच्या ठिकाणी बांधलेल्या स्थिर टाक्यांत साठवावे, असे तिथे सांगितले आहे. तेव्हा विचारण्याजोगा प्रश्न असा, की आपल्या प्रभागात अशी टाकी कुठे आहे आणि ती भरलेली असते का. माहिती अधिकाराखाली हा एक अर्ज जरूर करावा. आपल्या कराचा हिशेब मागण्याची खरी जागा तीच आहे.

प्रश्न : ठाण्यात आमची सात मजली इमारत आहे. जिन्यालगतची वेट रायझर वाहिनी (आगीसाठी प्रत्येक मजल्यावर पाणी पोहोचवणारी, कायम भरलेली उभी वाहिनी) गळते, गच्चीवरचा पंप बंद आहे आणि अग्निशमन दलाची नोटीस आली आहे. तळमजल्यावरचे दुकानदार सभासद म्हणतात, की आग लागली तर आम्ही दरवाजातून बाहेर पडू, त्यामुळे या यंत्रणेचे पैसे वरच्यांनी द्यावेत. पत्नीच्या माहेरच्या इमारतीत तर हा खर्च क्षेत्रफळाच्या टक्केवारीने घेतात. बरोबर काय?

उत्तर : दुकानदार बाहेर पडतील, त्यांचा माल मात्र आतच राहील. बहुतेक इमारतींत विजेचे मीटर तळमजल्यावर जिन्याखाली किंवा त्याच्या शेजारी असतात. तिथे पेटलेल्या आगीचा धूर वर चढतो, हे खरे, पण ती विझवायला लागणारे पाणी याच यंत्रणेतून मिळते. आदर्श उपविधींमध्ये लिफ्टचा खर्चसुद्धा, कोणी ती वापरो वा न वापरो, त्या इमारतीतील सर्व सभासदांत समान वाटण्याची तरतूद आहे. लिफ्टला जो न्याय लागतो तो आगीच्या वाहिनीला लागू नये, असे म्हणायला आम्हाला कोणताही आधार दिसत नाही.

खर्चाचे दोन भाग करावेत. पंपाची वार्षिक देखभाल, होज व झडपांची तपासणी आणि परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र हा चालू खर्च सेवाशुल्कात धरून सर्वांत समान वाटावा. हे प्रमाणपत्र, म्हणजे 'नमुना ब', दर वर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावे लागते, आणि ते वेळेवर दिले जात असते तर नोटीस येण्याची वेळ बहुधा आली नसती. वाहिनी बदलणे आणि नवा पंप बसवणे ही मोठी दुरुस्ती आहे. तिचा खर्च प्रथम दुरुस्ती निधीतून करावा. या निधीची वर्गणी सर्वसाधारण सभा ठरवते, पण ती सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या वार्षिक ०.७५ टक्क्यांपेक्षा कमी नसावी, असे आदर्श उपविधी सांगतात. म्हणजे मोठ्या गाळ्याचा वाटा या मार्गाने आपोआप अधिक होतो आणि त्यासाठी वेगळे सूत्र शोधण्याची गरज उरत नाही.

पत्नीच्या माहेरची पद्धत चुकीची असेलच असे नाही. ती इमारत सहकारी सोसायटी नसून महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी अधिनियम, १९७० खालील अपार्टमेंट असावी. त्या कायद्यात सामाईक खर्च प्रत्येकाच्या अविभक्त हिश्शाच्या टक्केवारीने वाटला जातो. दोन्ही प्रकारच्या इमारती बाहेरून सारख्याच दिसतात, त्यामुळे नातेवाइकांच्या अनुभवावरून आपल्या सोसायटीचा नियम ठरवू नये.

नोटिशीच्या मुदतीत काम पूर्ण होणार नसेल, तर ठेकेदाराला दिलेला कार्यादेश जोडून मुदतवाढीचा अर्ज करावा. वाटणीचा वाद चालू आहे, हे कारण अग्निशमन अधिकारी मान्य करत नाहीत. तूर्त उपलब्ध निधीतून काम सुरू करावे आणि वाद सहकार न्यायालयात चालू ठेवायचा असेल त्यांनी तो चालू ठेवावा.

प्रश्न : तीन वर्षांपूर्वी ताबा मिळालेल्या आमच्या नव्या इमारतीत आवारातल्या हायड्रंटला पहिल्या दिवसापासून पाणी नाही. विकासकाचा माणूस म्हणतो, की आता सोसायटी स्थापन झाली आहे, तेव्हा खर्च तुम्हीच वाटून घ्या. आम्ही प्रत्येकी रक्कम जमा करायला सुरुवात केली आहे.

उत्तर : जमा करणे थांबवावे. स्थावर संपदा अधिनियम, २०१६ च्या कलम १४ नुसार ताब्याच्या तारखेपासून पाच वर्षांच्या आत बांधकामाची रचना, कारागिरी, दर्जा किंवा सेवांच्या तरतुदीत दोष आढळून तो विकासकाच्या निदर्शनास आणून दिला, तर त्याने ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून द्यायचा असतो. सोसायटी स्थापन झाल्याने ही जबाबदारी संपत नाही. आपली दोन वर्षे अजून शिल्लक आहेत.

प्रथम परवानाधारक संस्थेकडून यंत्रणेची चाचणी करून लेखी अहवाल घ्यावा आणि हायड्रंटला पाणी का येत नाही, याचे कारण त्यात नोंदवून घ्यावे. पंप बसवलेलाच नाही, टाकीची जोडणी अपुरी आहे, की केवळ झडप बंद आहे, यावर विकासकाला लिहायच्या पत्राचा सूर अवलंबून राहील. झडपच बंद निघाली, तर पत्रव्यवहाराची गरज उरणार नाही. दोष मोठा असेल, तर भोगवटा प्रमाणपत्राच्या वेळी अग्निशमन दलाने दिलेल्या ना-हरकत पत्राची प्रत मागवावी, कारण त्या वेळी कोणती यंत्रणा दाखवली गेली होती ते त्यातून कळते. मग अहवाल, छायाचित्रे आणि व्यवस्थापक समितीचा ठराव जोडून विकासकाला नोंदणीकृत टपालाने पत्र पाठवावे आणि ३० दिवस उलटल्यावर महारेराकडे, म्हणजे या कायद्याखालील राज्याच्या प्राधिकरणाकडे, तक्रार दाखल करावी. तोपर्यंत गोळा झालेली रक्कम सभासदांना परत करावी किंवा त्यांच्या लेखी संमतीने वेगळ्या खात्यात ठेवावी. देखभाल शुल्कात ती मिसळली, तर सोसायटीने दुरुस्तीची जबाबदारी स्वतःहून स्वीकारली होती, असा युक्तिवाद समोरून होऊ शकतो.